कान झाकलेला फोटो

लग्नाच्या मुलीचा फोटो काढणे हा एके काळी गिरगावात, दादरला, लालबाग-परळला केवढा सोहळा असे, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. आईची ठेवणीतली साडी नेसायची, फोटोपुरता चष्मा काढून ठेवायचा, आणि गालावरचा तीळ किंवा कपाळावरचा व्रण फोटोग्राफर नंतर ब्रशने अलगद पुसून टाकायचा. रिटचिंग म्हणतात ते हेच! फोटो पाहून मंडळी घरी यावीत, एवढाच हेतू. पुढे संसार करायचा तो मात्र चष्म्यासकट आणि तिळासकट.

तुम्ही म्हणाल, हे आज कशाला आठवले? तर असेच रिटचिंग एकदा एका टीव्ही मालिकेवर झाले होते. मालिकाही साधीसुधी नव्हे, ‘स्टार ट्रेक’! ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी, घरात अंघोळींची घाई चाललेली असताना, मुले दूरदर्शनवर जे अंतराळयान डोळे फाडून पाहत बसायची, तेच ते. त्यातला टोकदार कानांचा, तिरप्या भुवयांचा मिस्टर स्पॉक आठवतो ना?

अमेरिकेत ही मालिका एनबीसी या कंपनीने ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू केली. त्याआधी जाहिरातदारांना आणि गावोगावच्या केंद्रांना वाटण्यासाठी एक पुस्तिका छापली. तीत स्पॉकचा फोटो होता, पण त्याचे कान आपल्यासारखे गोल आणि भुवया सरळ! कंपनीच्या लोकांना धास्ती वाटली, की हे ध्यान सैतानासारखे दिसते. देवभोळ्या भागातले प्रेक्षक बिचकतील आणि जाहिरातदार पाठ फिरवतील. म्हणून चित्रकाराकडून फोटोवर रंग मारून घेतला.

विकणाऱ्यांची काळजी एवढ्यावरच थांबली नव्हती. जीन रॉडनबेरी या लेखकाने ही कल्पना मांडली तीच मुळी ओळखीचा सदरा घालून. ‘वॅगन ट्रेन’ नावाची घोडागाड्यांच्या तांड्याची मालिका तेव्हा लोकप्रिय होती. हा म्हणाला, माझी मालिका म्हणजे ताऱ्यांकडे निघालेली वॅगन ट्रेन! नवी सून दाखवताना “अगदी आपल्यातलीच हो” म्हणतात, त्यातलाच प्रकार. तरी नमुन्याचा पहिला भाग कंपनीने नाकारला आणि दुसरा करून मागितला. पहिल्या नमुन्यात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई होती; दुसऱ्यात ती दिसलीच नाही. आणि प्रत्यक्ष शुभारंभाला कोणता भाग दाखवला? जो आधी चित्रित झाला तो नव्हे, तर माणसाच्या अंगातले मीठ शोषून घेणारा राक्षस ज्यात होता तो! राक्षस दाखवला की प्रेक्षक खिळतो, हा हिशेब.

एक गोष्ट मात्र आपण बायकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही मालिका तयार करणारा डेसिलू स्टुडिओ होता ल्यूसिल बॉल या विनोदी नटीच्या मालकीचा. खर्चिक नमुना एकदा नाकारला गेल्यावरही दुसरा करायला तिने पाठबळ दिले.

पुढे काय झाले? प्रेक्षकांनी स्पॉकलाच डोक्यावर घेतले. पत्रांचा ढीग त्याच्याच नावाने येऊ लागला, आणि ज्यांनी कान झाकले होते तेच “स्पॉकला आणखी काम द्या” म्हणू लागले! दुसऱ्या वर्षी मालिका बंद पडणार असे दिसताच बीजो ट्रिंबल ही गृहिणी आणि तिचे यजमान यांनी प्रेक्षकांना पत्रे लिहायला लावली. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहील असे कंपनीला पडद्यावरून जाहीर करावे लागले. जाहिरातीने प्रेक्षक दारापर्यंत आणला, पण मालिका टिकवली ती बघणाऱ्यांनीच.

झाकण्याचाच एक प्रकार आपल्या मुंबईतही झाला, पण अगदी उलट कारणासाठी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नाव घेतले होते आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. तिथे माल खपावा म्हणून कान झाकले. इथे केवळ कथेचीच पारख व्हावी म्हणून नाव झाकले.

आता आपल्या दूरदर्शनचे बघा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाहिनी एकच, मग जाहिरात कशाला हवी? ‘साप्ताहिकी’त येत्या आठवड्याचे कार्यक्रम सांगत, निवेदिका हसतमुखाने “थोड्याच वेळात पाहा” म्हणे, वर्तमानपत्रात चार ओळी येत. बाकीचे काम चाळीच्या गॅलरीत होई. नळावर एकीने सांगितले की संध्याकाळपर्यंत मजलाभर झाले! पुढे ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली, तिच्या पाठीशी मॅगीच्या जाहिरातीचा पैसा होता. तेव्हापासून मालिका आणि आपले स्वयंपाकघर यांची जी गाठ पडली, ती काही सुटलेली नाही.

आज तर नवी मालिका यायच्या महिनाभर आधी तिची झलक फोनवर येऊन थडकते. बाजारात वांगी घेताना आपण देठ बघतो, दाबून बघतो. मग घरातल्या सगळ्यांचा वेळ जिथे जायचा, तिथे एवढी चिकित्सा नको का? म्हणून काही साध्या गोष्टी:

पहिली, झलक म्हणजे लग्नाचा फोटो. त्यात सगळ्यात भडक तेवढेच असणार. दोन भाग पाहिल्याशिवाय मालिकेशी सोयरीक जुळवू नका.

दुसरी, मुलांसाठी झलक पाहून ठरवू नका, वयाची खूण पाहा. २०२१ च्या नियमांनुसार ऑनलाइन कार्यक्रमांवर ७, १३, १६ वर्षांवरील किंवा फक्त प्रौढांसाठी अशी खूण द्यावी लागते.

तिसरी, ही जाहिरात नेमकी कोणासाठी आहे, असे स्वतःला विचारा. मध्ये साबण, मसाले दिसू लागले की समजावे, गिऱ्हाईक आपण आहोत.

आणि चौथी, आवडले तर चार जणींना सांगा, नाही आवडले तर तेही सांगा. गॅलरी गेली, नळ घरात आले, पण भिशी आहे, फोनवरचा गट आहे. रंग मारून झाकलेले कान शेवटी बघणाऱ्यांनाच दिसतात, आणि कधीकधी तेच सगळ्यांत जास्त आवडून जातात!