‘उमललेले फूल’ म्हणजे काय? : अकिलियाच्या लागवडीतील एक शब्दार्थाचा प्रश्न

फुलदाणीसाठी व वाळवून ठेवण्यासाठी फुलांची लागवड करणारास ‘फूल पूर्ण उमलल्यावर तोडावे’ अशी सूचना सामान्यतः दिली जाते. वाक्य सुबोध आहे. परंतु त्यातील ‘फूल’ आणि ‘उमलणे’ या शब्दांचा अर्थ वनस्पतीगणिक बदलतो, व तो निश्चित न केल्यास हाती आलेले पीक वाया जाते. अकिलिया फिलिपेंड्युलिना ही पिवळ्या फुलांची बहुवर्षायू वनस्पती याचे उत्तम उदाहरण होय.

ही मूळची कॉकेशस, इराण, मध्य आशिया व अफगाणिस्तान या प्रदेशांतील. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये तिला हे जातिनाम दिले. ‘फिलिपेंड्युला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘धाग्याला लोंबणारी’ असा असून तो वस्तुतः दुसऱ्याच एका वनस्पतीच्या मुळांवरील गाठींना उद्देशून आहे. अकिलियाला अशा गाठी नसतात. केवळ पानांच्या साम्यावरून हे नाव तिजकडे आले. तेव्हा नावाचा अक्षरार्थ हे वस्तूचे लक्षण नव्हे.

लागवडीत हिची अपेक्षा अल्प असते. भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा एवढे पुरे. मुळे एकदा स्थिरावली की ती कडक थंडी व अवर्षण दोन्ही सहन करते. मात्र पाणी साचल्यास मुळे कुजतात. ‘सुपीक जमीन उत्तम’ हा सर्वसाधारण समज येथे लागू पडत नाही, कारण अधिक खतामुळे दांडे उंच व कमकुवत होऊन लोळतात. बियांस उगवण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून त्या मातीने झाकू नयेत. रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे व दर ३-४ वर्षांनी जुने गड्डे विभागून पुन्हा लावावेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याला आपण एक ‘फूल’ म्हणतो ती सुमारे १० ते १२ सेंटिमीटर रुंदीची सपाट पिवळी तबकडी वस्तुतः एक फुलोरा आहे. त्यात अनेक लहान स्तबके असतात व प्रत्येक स्तबकात अनेक पुष्पके. तबकडी पिवळी दिसू लागली की ती उमलली असे वाटते. परंतु पराग दिसण्यापूर्वी दांडा कापल्यास फुलोरा लवकर कोमेजतो आणि वाळताना आक्रसतो. उलट फार थांबल्यास पिवळा रंग तपकिरी होतो.

म्हणून सूचना अशी असावयास हवी : ‘फुलोऱ्यातील बहुतेक स्तबकांवर पराग दिसू लागताच, दव सुकल्यावर दांडा कापावा.’ पुढे पाने काढून लहान जुड्या बांधाव्यात व अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर जागी २-३ आठवडे उलट्या टांगाव्यात. अशा फुलोऱ्यांचा पिवळा रंग दीर्घकाळ टिकतो.

‘फुलोरा’, ‘स्तबक’ व ‘पुष्पक’ हे शब्द मराठीत उपलब्ध आहेत. ते वापरणे म्हणजे पांडित्याचे प्रदर्शन नव्हे. कात्री केव्हा चालवावी हे त्यांवरच ठरते.