दूरचित्रवाणीचा नट

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकात ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ मालिकेतला गुंड्याभाऊ घरोघरी पोचला. तो रंगविणारे बाळ कर्वे मात्र महानगरपालिकेत अभियंत्याची नोकरी करीत होते. केवळ अभिनयावर प्रपंच चालणे कठीणच! आजच्या दैनंदिन मालिकेने हा प्रश्न काहींपुरता सोडविला, पण मोबदल्यात नटाचा सारा दिवस मागून घेतला. चित्रीकरण बारा-बारा तासांचे, तेही कथाक्रमाने नव्हे. दाराबाहेरचे पाऊल आज टिपतात, आतले आठ दिवसांनी. मध्यंतरी चेहरा ओढला, आवाज बसला, तर प्रेक्षकाला ते तत्काळ जाणवते. म्हणून व्यायाम आणि झोप हा येथे कामाचाच भाग होय. त्यासाठी लागणारा वेळ बहुधा मुलांच्या वाट्यातून जातो.