प्रतिकृती रेल्वे आणि विजेचा हिशोब

रेल्वेगाडीचे आकर्षण लहानथोरांना सारखेच असते. खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब पण लहान प्रतिकृती तयार करून त्या रुळांवरून चालविण्याचा छंद अनेक देशांत रुजलेला आहे. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय हे या छंदाचे आपल्याकडील परिचित उदाहरण होय. या छंदात ‘एचओ’ हे प्रमाण विशेष प्रचलित आहे. त्यात प्रतिकृती मूळ गाडीच्या ८७ व्या हिश्शाएवढी असते आणि दोन रुळांमधील अंतर केवळ १६.५ मिलिमीटर असते.

प्रतिकृतीचे इंजिन वाफेचे दिसो वा डिझेलचे, बहुधा त्याच्या पोटात विजेची छोटी मोटार असते. ही वीज रुळांतून चाकांमार्फत मोटारीपर्यंत पोहोचते. म्हणून गाड्या चालविणारा नियंत्रक निवडताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो, तो म्हणजे किती शक्तीचा नियंत्रक पुरेसा ठरेल?

जुनी पद्धत आणि नवी पद्धत

जुन्या पद्धतीत रुळांवरील विजेचा दाब शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत कमीजास्त करून गाडीचा वेग बदलत असत. ही रचना सोपी होती. परंतु एकाच रुळावर दोन इंजिने असली, तर दोन्ही एकदमच धावत आणि एकदमच थांबत. त्यांना वेगवेगळे चालवायचे, तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र बटण बसवावे लागे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील लेन्झ या कंपनीने एक नवी अंकीय पद्धत विकसित केली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला प्रमाणित रूप दिले. ही पद्धत ‘डीसीसी’ या नावाने ओळखली जाते. हिच्यात रुळांवर सुमारे १४ ते १५ व्होल्टचा दाब कायम असतो. या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या लहानमोठ्या स्पंदांतून संदेश जातो. प्रत्येक इंजिनात ‘डिकोडर’ नावाचा चिमुकला भाग असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या क्रमांकाचा संदेश आला, तरच तो मोटारीचा वेग बदलतो. पोस्टमन पत्रावरील पत्ता पाहून योग्य त्याच घरी पत्र देतो, तसाच हा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज्ञा स्वतंत्र असल्या, तरी वीज सामायिक असते. सर्व इंजिने एकाच स्रोतातून वीज घेतात. ती अपुरी पडली, तर नियंत्रक स्वतःच्या संरक्षणासाठी पुरवठा तोडतो आणि एका इंजिनाबरोबर सर्वच गाड्या थांबतात.

गरज कशी मोजावी?

विद्युतप्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. नवा छांदिष्ट बहुधा आपल्याजवळची सर्व इंजिने मोजतो किंवा मांडणी किती फूट लांब आहे, ते पाहतो. वस्तुतः एकाच वेळी किती इंजिने धावणार, हे पाहिले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. एका छांदिष्टाजवळ एचओ प्रमाणाची सात इंजिने आहेत. पण एका वेळी तो तीनच चालवितो. धावणारे प्रत्येक इंजिन अर्धा अँपिअर घेते असे मानले, तर तिघांना १.५ अँपिअर लागतील. उभी असलेली चार इंजिनेही डिकोडर आणि दिव्यांसाठी थोडी वीज घेतात. प्रत्येकी ०.०५ धरल्यास त्यांचे ०.२ अँपिअर झाले. दिवे असलेल्या आठ डब्यांना प्रत्येकी ०.०३ प्रमाणे ०.२४ अँपिअर लागतील. एकूण बेरीज १.९४ अँपिअर होते. चढण, जड गाडी किंवा जुनी मोटार यांसाठी एक चतुर्थांश वाढ धरली, तर ती सुमारे २.४ अँपिअर होईल. अर्थात, ३ अँपिअरचा नियंत्रक त्याला पुरेसा आहे. सातही इंजिने प्रत्येकी एक अँपिअर घेतील असे धरून त्याने ७ अँपिअरची मागणी केली असती, तर पैसा वाया गेला असता.

प्रत्येक इंजिनाची भूक मात्र सारखी नसते. जुन्या मोटारी एक अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह घेतात, तर लहान ‘एन’ प्रमाणाच्या इंजिनांना कमी प्रवाह पुरतो. आवाज काढणाऱ्या डिकोडरलाही जादा वीज लागते. खात्री करायची असेल, तर साध्या १२ व्होल्ट एकदिश विजेवर इंजिन हाताने अडवून चाके जागीच फिरू द्यावीत आणि क्षणभर अँपिअरमापकावरील आकडा पाहावा. तो त्या इंजिनाचा जवळजवळ सर्वाधिक प्रवाह होय.

शक्ती अधिक, तितके उत्तम?

मग सर्वांत मोठा नियंत्रक घ्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. १५ व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे ७५ वॅट. गाडी रुळांवरून घसरून दोन्ही रूळ चाकांनी जोडले गेले, की शॉर्ट सर्किट होते. त्या वेळी पुरवठा तत्काळ तुटला नाही, तर एवढी उष्णता एका जागी साठून प्लॅस्टिकची चाके, चौकटी वितळू शकतात.

यासाठी रुळांना जोडलेल्या ताराही जाड हव्यात. समजा, बारीक तारांमुळे दूरच्या टोकापर्यंत एकूण ४ ओहमचा रोध आहे. तेथे शॉर्ट सर्किट झाल्यास १५ भागिले ४, म्हणजे ३.७५ अँपिअरच प्रवाह वाहील. ५ अँपिअरला तुटणारा नियंत्रक याला नेहमीचा प्रवाह समजेल आणि ५६ वॅट शक्तीची उष्णता निर्माण होत राहील. याची चाचणी सोपी आहे. मांडणीच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर क्षणभर रुपयाचे नाणे आडवे ठेवावे. पुरवठा लगेच तुटला पाहिजे. न तुटल्यास नाणे ताबडतोब उचलून तारा बदलाव्यात.

मांडणी पुढे वाढली, तरी जुना नियंत्रक टाकून देण्याची गरज नसते. रुळांचे विद्युतदृष्ट्या वेगळे विभाग पाडून नव्या विभागाला ‘बूस्टर’ हे यंत्र जोडतात. त्यात आज्ञा जुन्याच नियंत्रकाकडून येते, वीज मात्र बूस्टर पुरवितो. एका विभागात बिघाड झाला, तरी दुसऱ्यातील गाड्या धावत राहतात.

नियंत्रकाला वीज देणारा अडॅप्टरही त्याच ताकदीचा हवा. ५ अँपिअरच्या नियंत्रकाला २ अँपिअरचा अडॅप्टर लावल्यास ५ अँपिअर मिळणार नाहीत. परदेशातून आणलेला अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टसाठी योग्य आहे का, हेही त्यावरील पट्टीवर वाचावे. केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेला अडॅप्टर आपल्याकडे जळून जाईल.

घरात इन्व्हर्टर घेताना आपण हाच विचार करतो. दिवे आणि पंखे किती आहेत, यापेक्षा ते एकाच वेळी किती चालणार, याला महत्त्व असते. छंद असो वा संसार, आधी गरज मोजावी, तिच्यात थोडी वाढ धरावी आणि मगच खरेदी करावी. असे केल्याने पैसा वाचतो आणि हौसेने जमविलेली इंजिनेही सुरक्षित राहतात.