महिन्याकांठीं एक इंजेक्शन

व्यसनांत सांपडलेला मनुष्य एकदां उपचारास लागला म्हणजे घरच्या मंडळींच्या तोंडीं लवकरच एक प्रश्न येतो: 'हें औषध आतां कधीं सुटणार?' प्रश्न मायेपोटींच असतो. परंतु अफू आणि हेरॉइन यांच्या व्यसनांत ही घाई जिवावर बेतूं शकते, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें असें आम्हांस वाटतें.

कांहीं आठवडे हेरॉइन बंद राहिलें म्हणजे तें सोसण्याची शरीराची शक्ति ओसरते; मनाची ओढ मात्र ओसरत नाहीं. अशा वेळीं पूर्वीइतकीच मात्रा पुन्हां घेतली, तर श्वास मंदावत जाऊन मृत्यु ओढवतो.

ब्युप्रेनॉर्फिन हें या व्यसनावरील एक प्रमुख औषध. मेंदूंतील ज्या जागीं हेरॉइन जाऊन बसतें, ती जागा तें अडवितें. मात्र स्वतःचा अंमल अर्धवटच चालवितें. त्यामुळें तळमळ शमते, पण सहसा धुंदी चढत नाहीं. जिभेखालीं विरघळणाऱ्या त्याच्या गोळीस अमेरिकेंत २००२ सालीं या उपचारासाठीं मान्यता मिळाली. भारतांतहि ती दिली जाते. अडचण एवढीच कीं, गोळी रोज घ्यावयाची. एखाद्या वाईट दिवशीं ती चुकली, कीं जुना मार्ग मोकळाच!

यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंत 'सब्लोकेड' या मासिक इंजेक्शनास मान्यता मिळाली. पोटाच्या कातडीखालीं टोचलेला द्रव तेथेंच घट्ट होतो व त्यांतून औषध महिनाभर थोडथोडें रक्तांत उतरतें. पहिले दोन महिने ३०० मिलिग्रॅम, पुढें बहुधा १०० मिलिग्रॅम, अशी मात्रा असते. २०१८ सालीं युरोपांत 'बुविडाल' हें साप्ताहिक व मासिक इंजेक्शनहि मान्य झालें. वर्षांत ३६५ वेळां करावयाचा निश्चय अशा रीतीनें १२ वेळांवर येतो.

'सब्लोकेड' चुकून शिरेंत गेल्यास प्राणघातक ठरूं शकतें. म्हणून तें घरीं न टोचतां जाणकाराच्याच हातून घ्यावयाचें असतें. नाल्ट्रेक्सोनचें मासिक इंजेक्शन याहून निराळें. तें सुरू करण्यापूर्वीं अफूवर्गीय पदार्थ ७ ते १० दिवस पूर्ण बंद असावे लागतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत शेंकडा २८ रुग्ण या पहिल्या पायरीवरच अडले. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखालीं घेणाऱ्यांत असे शेंकडा ६ च होते.

कोणी म्हणतील, 'एक व्यसन जाऊन दुसरें आलें!' आम्हांस हें पटत नाहीं. शरीरास औषधाची गरज लागणें निराळें आणि त्यापायीं घरदार, नोकरी, अब्रू यांची राखरांगोळी होणें निराळें. औषध कधीं थांबवावयाचें, हें रुग्णानें व डॉक्टरांनीं मिळून ठरवावें. घरच्यांनीं पुढच्या इंजेक्शनाची तारीख लक्षांत ठेवावी आणि त्या दिवशीं त्याच्यासोबत जावें. उपदेशापेक्षां त्याचा उपयोग अधिक होईल.