रात्रीची काच आणि बोअरचं पाणी

आजचा विषय गाडीच्या काचेवरचे आणि रंगावरचे पांढरे ठिपके. वरवर किरकोळ वाटतो. मलाही वाटायचा.

सोलापूरहून हैदराबादला, म्हणजे आमच्या घरी, रात्री परतत होतो. उमरगा सोडलं, समोरून ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांनी अख्खी काच पांढरी झाली. क्षणभर रस्ताच दिसेना. दिसला तेव्हा पुढ्यात उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. ब्रेक लागला म्हणून वाचलो. बायको पुढची दोन गावं एक शब्द बोलली नाही. आणि काच मी त्याच सकाळी पुसली होती!

पुसून काही होत नाही, कारण ती धूळ नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. गीझरच्या कॉइलवर जमतो तोच हा थर. दिवसा काचेतून आरपार दिसतं, म्हणून लक्षात येत नाही. रात्री मात्र प्रत्येक ठिपका समोरचा उजेड चहूकडे फेकतो.

आमच्या घरी यात आणखी एक गंमत झाली. आई आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवायची आणि सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या अन्नाला द्यायची. काटकसर चांगलीच, पण हिशोब बघा. तीन लिटर पाणी आत गेलं, एक लिटर गोड होऊन आलं, तर तिन्ही लिटरांमधले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या दोन लिटरांत. म्हणजे बोअरपेक्षा दीडपट जड पाणी आम्ही रोज गाडीवर ओतत होतो. आता ते पाणी फरशीला जातं. आईला हे पटवायला मात्र टीडीएस मीटर आणावा लागला.

आता उपाय. हे क्षार साध्या पाण्याला दाद देत नाहीत, सौम्य आम्लाला देतात. पांढरं व्हिनेगर आणि आरओचं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं घ्या. गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागायला हवा. आधी शाम्पूने धुऊन घ्या, नाहीतर वरची धूळच ओरखडे काढेल. मग मायक्रोफायबरचं फडकं त्या पाण्यात भिजवून काचेवर दोन मिनिटं नुसतं पसरून ठेवा. घासायची घाई नको, वाळूही देऊ नका. हलक्या हाताने पुसा, भरपूर पाण्याने धुवा. जुन्या थराला तीन-चार वेळा करावं लागतं. वायपरचं रबरही बघा. माझं त्या खरखरीत थरावर घासून चिरलं होतं.

रंगावर हेच करायचं, पण आधी एका कोपऱ्यात करून बघा आणि मिनिटभरातच धुऊन टाका. व्हिनेगरने मेणाचा थर कमी होतो, तेव्हा नंतर वॅक्स लावा. संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे महाभाग मी पाहिलेत. कृपा करून नको. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं; क्रोम काळवंडतं आणि फटीत उतरलेला थेंब पत्रा गंजवतो.

इतकं करूनही ठिपका राहिला तर त्यावरून बोट फिरवा. खरखर लागली तर थर अजून आहे. बोटाला गुळगुळीत, पण डोळ्याला कडी दिसते? मग पृष्ठभागच खाल्ला गेलाय. काचेवर सेरियम ऑक्साइडची पेस्ट चालते, पण चालकाच्या नजरेसमोर एकाच जागी फार घासलं तर काच लहरी दाखवते. रंगाला पॉलिश लागतं, आणि ते जाणकाराकडूनच करून घ्या: वरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन, केसापेक्षा बारीक. घासून गेलेला परत येत नाही.

आमच्याकडे आता गाडी बोअरच्याच पाण्याने धुतली जाते, पण ऊन चढायच्या आत, आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून. शेवटचा हात एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्याचा. ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार नसल्यात जमा. फक्त फडक्यातून गाळून घ्या. ती बादलीही आईच भरते.