लोह : ताटातले आणि रक्तातले

अंगात रक्त कमी आहे असे कळताच बीट, पालक, गूळ आणि अळिवाचे लाडू यांची शिफारस मराठी घरांत ठरलेली असते. अन्नात जितके लोह तितके ते रक्तात उतरते, असे तिच्यामागचे गृहीत असून लोहाविषयीचे बहुतेक गैरसमज त्यातूनच निपजले आहेत. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण 3 ते 4 ग्रॅम लोह असते आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनात, असतो. या पेशी साधारण 120 दिवसांनी मोडतात, तेव्हा त्यांतील लोह शरीर पुन्हा वापरते, त्यामुळे रोज बाहेर जाणारे लोह जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम भरते. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला 19 आणि स्त्रीसाठी 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली, कारण खाल्लेल्या लोहाचा थोडाच अंश आतडे शोषून घेते.

बिटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असून त्याचा लोहाशी संबंध नाही. 100 ग्रॅम बिटात लोह 1 मिलिग्रॅमच्या आसपासच असते. पालकात ते सुमारे 3 मिलिग्रॅम असले तरी त्यातील पॉलिफिनॉल वर्गातील द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. पालकाची कीर्ती दशांशचिन्हाच्या चुकीमुळे पसरली आणि पॉपाय या चित्रकथेतील खलाशाने ती वाढवली, ही हकिकत गैरसमज दूर करणाऱ्या लेखांत हमखास येते. 1981 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने ती रूढ केली, पण 2010 मध्ये संशोधक माइक सटन यांनी मुळापर्यंत शोध घेतला तेव्हा तिला आधारच सापडला नाही. गैरसमजाची दुरुस्तीही गैरसमज ठरू शकते, ती अशी.

अळिवाची गोष्ट निराळी. जुन्या भारतीय कोष्टकांत 100 ग्रॅम अळिवात 100 मिलिग्रॅम लोह दाखवलेले असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकांत ते सुमारे 17 मिलिग्रॅम आहे. हा आकडाही चांगलाच मोठा आहे, मात्र लाडवात पडते ते चमचा-दोन चमचे अळीव.

लोह फक्त मांसातूनच मिळते, हा दुसऱ्या टोकाचा समज होय. मांस-मासळीतील हीम लोह, म्हणजे हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांशी जोडलेले लोह, सहज शोषले जाते, हे खरे. धान्ये, डाळी आणि भाज्यांतील लोहाचे शोषण मात्र सोबतच्या पदार्थांवर फार अवलंबून असते. क जीवनसत्त्व त्या लोहाला शोषणयोग्य रूपात आणते, तर धान्य-कडधान्यांतील फायटेट हे फॉस्फरसयुक्त द्रव्य त्याला अडवते. कडधान्याला मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने फायटेट घटते. त्यामुळे मोडाच्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळण्याची रीत पोषणाच्या दृष्टीनेही अचूक आहे आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय तितकीच घातक, कारण चहातील टॅनिन शोषण बरेच कमी करते. दोहोंत किमान तासाभराचे अंतर हवे. लोखंडी कढईतून, विशेषतः आंबट पदार्थ शिजवताना, अन्नात लोह उतरते हे खरेच आहे, पण त्यालाही हेच नियम लागू पडतात.

सर्वांत जोखमीचा समज म्हणजे रक्तक्षय आणि लोहाची कमतरता एकच मानणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात लोहाच्या अभावाचा वाटा मोठा असला तरी ब-12 किंवा फोलेटची कमतरता, दीर्घकालीन संसर्ग आणि सिकलसेल व थॅलसेमिया हे आनुवंशिक विकार यांमुळेही हिमोग्लोबिन घटते. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची, म्हणजे लोहसाठा दर्शवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी केल्यावरच गोळ्यांचा निर्णय योग्य ठरतो. थॅलसेमियासारख्या विकारात लोहाची उणीव नसताना गोळ्या चालू ठेवल्यास ते यकृतात आणि हृदयात साचू शकते, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची कोणतीही यंत्रणा मानवी शरीरात नाही.