वाहता लाव्हा मोजायचा कसा? (आणि दख्खनवाल्यांनी हे का शिकायचं?)



मागे एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "ताई, मला पीएचडी दख्खनच्या बेसॉल्टवर करायचीये. मग हवाईच्या ज्वालामुखीचे पेपर कशाला वाचायचे? आपला लाव्हा तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय."

प्रश्न रास्त आहे. मलाही पहिल्या वर्षी हेच वाटायचं. पण सह्याद्रीच्या घाटात आपण जो काळा पाषाण बघतो, ती सिनेमाची शेवटची फ्रेम आहे. आधीचा सिनेमा कसा चालला असेल हे कळायचं, तर कुठेतरी तो चालू असताना बघावा लागतो. म्हणून आज आपण हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या २०१८ च्या उद्रेकाकडे जाऊ, आणि शेवटी परत आपल्या घाटात येऊ. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे.

आधी घटना थोडक्यात

किलाउएआच्या पूर्वेकडच्या भेगपट्ट्यात पुऊ ओओ नावाच्या विवरातून १९८३ पासून लाव्हा येत होता. ३० एप्रिल २०१८ ला त्या विवराचा तळ कोसळला. आतला शिलारस जमिनीखालून पूर्वेकडे सरकला आणि ३ मे रोजी लेलानी इस्टेट्स या वस्तीत, चक्क रस्त्यांवर आणि अंगणांत, भेगा पडून लाव्हा बाहेर आला. पुढच्या काही आठवड्यांत अशा २४ भेगा उघडल्या. मेच्या अखेरीस जवळजवळ सगळा जोर ८ नंबरच्या भेगेवर आला. तिथून निघालेला लाव्हा सुमारे १३ किलोमीटर वाहत समुद्राला मिळाला. ऑगस्टच्या सुरुवातीला जोर ओसरला, तोवर सुमारे ३५ चौरस किलोमीटर जमीन झाकली गेली होती आणि सातशेहून जास्त घरं गेली होती.

म्हणजे इथे निरीक्षण करणाऱ्यांना पेपर नंतर लिहायचा होता. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: लाव्हा कुठे जाणार आणि किती वेळात? लोक घरातलं सामान गाडीत भरत असताना हा प्रश्न विचारत होते. शिवाय निरीक्षकांची स्वतःची वेधशाळा मुख्य विवराच्या काठावर होती. तिथे जमीन इतकी हादरत होती की त्यांनाही इमारत सोडावी लागली.

पहिला प्रश्न: किती वाहतोय?

दर सेकंदाला किती घनमीटर लाव्हा बाहेर पडतोय, याला उत्सर्जन दर म्हणतात. लाव्हा किती लांब जाईल, हे बऱ्याच अंशी यावरच ठरतं. गणित शाळेतल्या नदीच्या गणितासारखंच आहे:

रुंदी × खोली × सरासरी वेग

रुंदी ड्रोनच्या फोटोवरून मिळते. वेगही मिळतो: ड्रोन एका जागी स्थिर ठेवायचा आणि पृष्ठभागावरचा एखादा तुकडा किती सेकंदांत किती पुढे गेला ते व्हिडिओत मोजायचं. पण हा वेग पृष्ठभागाचा झाला. तळाशी लाव्हा जमिनीला चिकटून जवळजवळ थांबलेला असतो. रुंद आणि संथ, म्हणजे भोवरे नसलेल्या प्रवाहात सरासरी वेग पृष्ठभागाच्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश धरतात.

राहिली खोली. आणि इथेच घोडं अडतं. अकराशे अंशांच्या रसात काठी बुडवून खोली मोजता येत नाही.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी सोपे घेतलेत. प्रवाह २० मीटर रुंद, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे सरासरी वेग ३.३. आता खोली ३ मीटर धरली तर उत्तर येतं सेकंदाला २०० घनमीटर. ५ मीटर धरली तर ३३३. त्यात लाव्हा म्हणजे बुडबुड्यांनी भरलेला रस. निम्मं आकारमान वायूचं असेल, तर खरा शिलारस निम्माच: १०० किंवा १६७. व्हिडिओ एकच, मोजमाप तेच, आणि उत्तर १०० पासून ३३३ पर्यंत कुठेही!

मग करायचं काय? दुसऱ्या वाटेने तेच उत्तर काढायचं. उद्रेकाआधीचा आणि नंतरचा उंचीचा नकाशा घ्या, एकातून दुसरा वजा करा, किती लाव्हा साचला ते कळतं. समुद्राखाली गेलेला भाग वेगळा मोजावा लागतो. २०१८ च्या उद्रेकाचं एकूण आकारमान ढोबळमानाने १ घनकिलोमीटर धरा, आणि तो बहुतांश ८ नंबरच्या भेगेतून २८ मे ते ४ ऑगस्ट, म्हणजे ६८ दिवसांत आला असं माना. भागाकार केला की सेकंदाला सुमारे १७० घनमीटर येतात. वहीत करून बघा. वरच्या आपल्या पसरट उत्तराला आता एक आधार मिळाला. ही सरासरी आहे, एखाद्या दिवसाचा आकडा नाही. पण दोन स्वतंत्र वाटा एकाच गावाला पोचतायत का, हे तपासायची सवय इथूनच लागते.

दुसरा प्रश्न: किती वेळाने मोजायचं?

हा मला सगळ्यात जास्त शिकवणारा भाग वाटतो, कारण तो कुठल्याही विषयाला लागू पडतो.

८ नंबरच्या भेगेजवळ प्रवाह सारखा चढ-उतार करत होता. या चढ-उतारांचे दोन प्रकार होते. एक छोटा: ५ ते १० मिनिटांनी पातळी वर-खाली व्हायची. याचं कारण अगदी वरच्या भागात, वायू बाहेर पडण्यात होतं. दुसरा मोठा: कित्येक तास टिकणारा लोंढा. याचं कारण तिथे नव्हतंच! ते होतं सुमारे ४० किलोमीटर लांब, ज्वालामुखीच्या माथ्यावर. खालून शिलारस निघून गेल्यामुळे माथ्याचं विवर टप्प्याटप्प्याने खचत होतं. प्रत्येक मोठ्या खचण्याबरोबर शिलारसावर दाब यायचा आणि काही तासांनी खाली भेगेतून जास्त लाव्हा यायचा. पाण्याच्या टाकीत एका टोकाला दाब दिला की दुसऱ्या टोकाच्या नळाला धार वाढावी, तसं.

आता विचार करा. दिवसातून एकदा हेलिकॉप्टरने जाऊन कोणी वेग मोजला असता तर? एखाद्या दिवशी तो लोंढ्याच्या भरात पोचला असता, दुसऱ्या दिवशी ओहोटीत. आलेखावर त्याला 'उद्रेक मंदावतोय' असं छान दिसलं असतं, आणि ते साफ चुकीचं असतं. हे चढ-उतार सापडले ते जागेवर ठेवलेले कॅमेरे, सलग व्हिडिओ आणि भूकंपमापक यांच्या नोंदी एकाच घड्याळावर मांडल्या म्हणून.

म्हणून प्रस्ताव लिहिताना 'आम्ही निरीक्षण करू' एवढं पुरत नाही. किती वेळाने करणार आणि तेवढाच वेळ का, हे लिहा. घटना दहा मिनिटांची असेल आणि तुम्ही तासाने मोजत असाल, तर हाती येणारा आलेख तुमच्या वेळापत्रकाचा असतो.

तिसरा प्रश्न: किती गरम?

उत्तर सोपं वाटतं: थर्मल कॅमेरा लावा. पण दूध तापवून ठेवलं की काही क्षणांत वर साय धरते, तशी लाव्हावरही धरते. कॅमेऱ्याला दिसते ती साय. आतला रस तिच्यापेक्षा कितीतरी गरम असतो. प्रवाह कुठे पसरला, कुठे नवीन फाटा फुटला, सायीखालून कुठे वाहतोय, हे शोधायला थर्मल कॅमेरा उत्तम. आतलं तापमान मात्र त्यावरून थेट घेऊ नका.

आतल्या तापमानासाठी जुनी, दांडगी पद्धत आहे. हातोड्याने लाव्हाचा गोळा उचलायचा आणि लगेच पाण्याच्या बादलीत टाकायचा. लगेच का? सावकाश थंड झाला तर त्यात नवे स्फटिक वाढतील आणि रसाची रचना बदलेल. झटकन थंड केला की रसाची काच होते, आणि त्या क्षणाची रचना काचेत गोठते. किलाउएआच्या लाव्हासाठी १९८७ मध्ये रोझलिंड हेल्झ आणि कार्ल थॉर्नबर यांनी दिलेलं सूत्र आजही वापरतात:

तापमान (अंश सेल्सिअस) = २०.१ × काचेतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडचं टक्के प्रमाण + १०१४

५ टक्के असेल तर सुमारे १११५ अंश, ६.५ टक्के असेल तर ११४५. फरक ३० अंशांचाच, पण लाव्हा किती पातळ आणि किती चपळ असेल, यावर त्याचा मोठा परिणाम होतो.

२०१८ मध्ये याचा प्रत्यक्ष उपयोग झाला. सुरुवातीच्या दिवसांतला लाव्हा तुलनेने थंड आणि चिकट होता. जमिनीखाली बरीच वर्षं पडून राहिलेला जुना रस आधी बाहेर ढकलला जात होता. एका भेगेतून तर अँडेसाइट आलं, जे किलाउएआवर अगदीच दुर्मीळ. मग मेच्या उत्तरार्धात नमुन्यांची रासायनिक रचना बदलली: आता ताजा, गरम रस येत होता. हे विश्लेषण उद्रेक चालू असतानाच होत होतं. जुना, चिकट रस संपत आला आणि मागचा गरम रस पोचला, याचा दुसरा अर्थ असा की आता प्रवाह वेगाने आणि लांबवर जाऊ शकतो. प्रयोगशाळेतला एक टक्का तिथल्या माणसांसाठी काही तासांचा प्रश्न होता.

आता आपल्या घाटात

लाव्हाची साय कालांतराने जाड होत जाते. किती वेगाने? किलाउएआवरच्याच आधीच्या प्रवाहांवर केन हॉन आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं आणि १९९४ मध्ये मांडलं. सुरुवातीला २०-३० सेंटीमीटर जाडीचा प्रवाह वरच्या कवचाखाली रस शिरत राहिल्याने फुगतो आणि काही मीटर जाड होतो. कवचाच्या वाढीचं त्यांचं सूत्र असं:

तास = १६४.८ × कवचाच्या जाडीचा वर्ग (जाडी मीटरमध्ये)

१ मीटर कवचाला साधारण ७ दिवस. आणि हे सूत्र पुढे दख्खनसारख्या प्राचीन प्रवाहांना लावलं गेलं. आपल्याकडच्या फुगलेल्या प्रवाहात वर बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेलं कवच दिसतं (त्यात पुष्कळदा झिओलाइट भरलेलं असतं), मध्ये घट्ट गाभा आणि खाली पातळ तळ. वरचं कवच मोजायचं, सूत्रात घालायचं, आणि हा प्रवाह किती काळ जिवंत होता याचा अंदाज काढायचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काही महिन्यांचा हिशोब! मला तर पहिल्यांदा वाचून शहारा आला होता.

आणि तिथेच मी आपटले. एका घाटातल्या कटिंगमध्ये मी कवच मोजलं ६ मीटर. ३६ गुणिले १६४.८, म्हणजे जवळजवळ ५९३० तास, २४७ दिवस. खुशीत स्लाइड केली. मॅडमनी फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "मधली ती काळी रेघ कसली गं?"

परत गेले, ब्रशने साफ केलं. ती रेघ म्हणजे झिजलेला काचेरी थर होता. वरचे ३ मीटर वेगळ्याच प्रवाहाचे होते, खालच्याचं कवच फक्त ३ मीटरचं. म्हणजे ६२ दिवस. जाडी निम्मी झाली आणि वेळ चौपट घटला, कारण जाडी सूत्रात वर्गात बसलेली आहे.

वाहत्या लाव्हातही हेच. वेग आणि उतार यांवरून चिकटपणा काढायच्या समीकरणात खोलीचा वर्ग येतो. खोली दुप्पट धरली की चिकटपणा चौपट. जी गोष्ट सगळ्यात कमी दिसते, तीच उत्तरावर सगळ्यात जास्त राज्य करते. प्रत्येक समीकरणात ती कुठे लपलीये, हे आधी शोधा.

शिवाय सूत्र हवाईच्या परिस्थितीतलं आहे हेही विसरू नका. भेगांतून पाणी आत मुरलं, तर कवच लवकर जाड होतं. मग सूत्राने काढलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त येईल.

वहीसाठी तीन सवयी

१. पानाचे दोन भाग करा. डावीकडे जे पाहिलं ते, उजवीकडे त्यावरून जे मानलं ते. माझ्या वहीत 'काळी रेघ' डावीकडे असती, तर मॅडमना विचारावं लागलं नसतं.

२. प्रत्येक आकड्याशेजारी तो कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकेल ते लिहा, आणि दोन्ही टोकांनी गणित करा.

३. प्रत्येक नोंदीला वेळ लिहा, जागा लिहा. ४० किलोमीटरवरचं कारण सापडतं ते अशा कंटाळवाण्या नोंदींमुळेच.

लाव्हाजवळ जायची संधी आपल्यापैकी फार थोड्यांना मिळेल, आणि मिळाली तरी एकट्याने, परवानगीशिवाय जाऊ नका. तिथे वायू, स्फोट आणि पातळ कवच या तिन्हींनी माणसं जखमी होतात. पण सुरुवात घरूनही होते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळतात. अंदमानातलं बॅरन बेट, आपल्या देशातला जागा असलेला ज्वालामुखी, त्यात शोधा. दोन-तीन महिन्यांच्या प्रतिमा घ्या आणि अवरक्त पट्ट्यांत गरम ठिपका दिसतो का बघा. मग स्वतःला विचारा: ज्या दिवशी ठिपका नाही, त्या दिवशी ज्वालामुखी शांत होता, की वर फक्त ढग होते?

उत्तर वहीच्या कुठल्या बाजूला लिहाल, ते कळवा. प्रश्न असतील तर विचारा, मला जमेल तसं उत्तर देईन.